चहात बुडवलेलं बिस्किट

पालथं झोपलेला माणूस फार बोलतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण डोंबिवलीत इतकी वर्षं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवून मला एवढं ज्ञान नक्की झालंय. कमरेवर शेकायची पिशवी ठेवली, तोंड उशीत गेलं, समोर कुणी दिसेनासं झालं की माणसं सुनेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांबद्दल सांगून मोकळी होतात. त्यामुळे आमच्याकडे किस्से साठत जातात. जुन्या रद्दीसारखे, कुणी न मागता.

मला बरीच वर्षं वाटायचं की हे किस्से पेशंटचे आहेत. हल्ली लक्षात यायला लागलंय की बहुतेक किश्श्यांत पेशंट बिचारा नुसता पडलेला असतो आणि तोंड आमचं चाललेलं असतं. म्हणून हे सांगताना हसूही येतं आणि मानही खाली जाते.

आधी आमची माणसं सांगते. मी मुग्धा. माझ्याबरोबर प्रसाद, आधी माझा ज्युनियर होता, आता पार्टनर आहे. रिसेप्शनला वैशाली, जिच्या परवानगीशिवाय आम्ही दोघं डबाही उघडत नाही. आणि वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर, ज्यांना सगळी बिल्डिंग नुसतं 'सर' म्हणते. सर तपासतात, एक्स-रे काढतात आणि पेशंटला खाली आमच्याकडे पाठवतात.

पेशंटला आजाराची इंग्रजी नावं कळत नाहीत, म्हणून प्रत्येक दुखण्याला एक घरगुती दाखला द्यायचा, ही आमच्या बिल्डिंगची पद्धत. त्यातून एक स्पर्धाच सुरू झाली. दुपारच्या चहाला सगळे जमले की ज्याचा दाखला सगळ्यात भारी, त्याला बाकीच्यांनी वडापाव खाऊ घालायचा! सरसुद्धा या स्पर्धेत उतरायचे आणि हरले की दिवसभर गप्प असायचे.

* * *

सरांचा सगळ्यात गाजलेला दाखला म्हणजे ग्रीस. साठीच्या पुढचा कुठलाही गुडघा समोर आला की सर एक्स-रे उजेडाला धरायचे आणि म्हणायचे, "यातलं ग्रीस संपलंय." पेशंट मान हलवायचा. झालं काम!

एकदा त्यांच्यासमोर सावंतकाका येऊन बसले. काका बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भरायचं कुठून?"

"काय भरायचं?"

"ग्रीस हो! पॉइंट कुठे आहे त्याचा?"

सरांनी त्यांना घाईघाईने खाली पाठवून दिलं. काका आमच्याकडे रोज रिक्षाने यायला लागले. घर कुठे? समोरच्या गल्लीत! रोज सकाळी लांबवर फिरायला जाणारा माणूस चालणं सोडून बसला होता. प्रसादने कारण विचारलं तर भडकलेच.

"अरे, ग्रीस नसताना गाडी बाहेर काढायची? बेअरिंग खाऊन टाकेल! आयुष्यभर ड्रायव्हरांवर मी हेच ओरडत आलोय!"

प्रसाद म्हणाला, "काका, गुडघ्याचं उलटं असतं. जेवढं चालाल तेवढं ग्रीस आतल्या आत तयार होतं."

काकांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "असली गाडी निघाली असती ना, तर आमचं वर्कशॉप पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं!"

त्या दिवशीचा वडापाव प्रसादला मिळाला. काका हळूहळू चालायलाही लागले. पण मधले काही महिने नुसते बसून काढल्याने त्यांच्या मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या, त्या भरून यायला फार वेळ गेला. चहाच्या वेळी हा किस्सा रंगला की एवढा भाग आम्ही गाळायचो.

* * *

आमच्याकडे माणसांना नावं नसतात, हे दुसरं. म्हणजे केसपेपरवर असतात, पण वैशालीच्या तोंडी नसतात.

"मॅडम, पाचचा खांदा आलाय!"

"दोन गुडघे बाहेर बसलेत, एक कंबर रिक्षात आहे!"

हे सगळं भर वेटिंगमध्ये, मोठ्या आवाजात. आम्हालाही त्याची इतकी सवय झालेली की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

जोशीकाका नावाचे एक रिटायर्ड मुख्याध्यापक यायचे. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं हळू आणि शुद्ध. एका संध्याकाळी वैशाली बाहेरून ओरडली, "मॅडम, खांदा पाठवू का आत?"

पडदा थोडासा बाजूला झाला. जोशीकाका बाहेरच उभे राहून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "खांदा आत आला तर चालेल ना? बाकीचा मीही त्याच्यासोबतच आहे."

मी इतकी हसले की हातातला जेल खाली सांडला. वैशालीने जीभ चावली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला 'श्रीयुत' लावून हाका मारायला सुरुवात केली. गुडघ्यांना एकदम मान आला!

त्याच आठवड्यात काकांचा हात वर-खाली करताना मी म्हटलं, "काका, त्या दिवशीचं सॉरी हं."

"अहो, त्यात काय! गंमत केली मी." मग म्हणाले, "आमची ही गेल्यापासून घरात मला नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. मुलगा बाबा म्हणतो, नातू आजोबा म्हणतो. पहिल्या दिवशी इथे नाव विचारलंत ना, तेव्हा बरं वाटलं होतं."

मी त्यांचा हात वरच धरून उभी राहिले. शेवटी त्यांनीच सांगितलं की आता खाली घ्या, दुखतोय.

* * *

शीळफाट्याहून एक जोडपं यायचं. त्यातल्या सुनंदाबाईंची कंबर धरलेली. प्रसादने पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय."

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांचे मिस्टर एकटेच आले. घामाने निथळत होते. आल्या आल्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "डॉक्टर, तो गॅप आधी बुजवा!"

"का हो, काय झालं?"

"अहो, घरात पंखा लावू देत नाय ती! बोलते, वारा गॅपमधनं आत घुसतो. मी नि पोरं गॅलरीत झोपतोय. डास फोडून खातायत आम्हाला!"

प्रसाद हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मी म्हटलं, बाईंना घेऊन या. त्या आल्या तेव्हा ब्लाऊजखाली त्यांनी कमरेला कापूस लावून वर एक जुनी शाल आवळून बांधलेली होती. ती सोडली तर आत सगळं अंग घामोळ्यांनी लाल झालेलं.

"सुनंदाताई, अहो हे कशाला?"

मीच वेडी असल्यासारख्या त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तुम्हीच बोललात ना गॅप आहे म्हणून? दाराला फट असली तर आपण फडकं लावतो का नाय?"

खरी लाज तर पुढेच आहे. मणक्यांमधली चकती झिजते तेव्हा तिथली जागा उलट कमी होते. गॅप बिप काही येत नाही. सगळेच 'गॅप आलाय' म्हणतात म्हणून आम्हीही म्हणत आलो. म्हणजे आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी नसलेली फट दाखवली आणि त्या बाईने ती भर उन्हाळ्यात प्रामाणिकपणे बुजवली.

प्रसाद त्या दिवशी चहाला बसला नाही.

* * *

हा मात्र गोड आहे. ठाण्याला बाळकुमच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारा निखिल, आयटीतला, अजून तिशीही न गाठलेला. दिवसभर लॅपटॉपवर वाकून पाठ दुखायला लागली. सरांनी एमआरआय बघितला आणि खास आवाजात सांगितलं, "तुझी पाठ नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची आहे."

सरांना म्हणायचं होतं की जरा व्यायाम कर. पोराने ऐकलं ते नव्वद. तो जिन्याचा कठडा धरून उतरायला लागला. क्रिकेट सोडलं, ट्रेकिंगची सॅक मित्राला देऊन टाकली. आईने लग्नाचं बघायला सुरुवात केलेली, तर पहिल्याच मुलीसमोर कांदेपोह्यांची डिश खाली ठेवून हा गंभीरपणे म्हणाला, "मी काही लपवणार नाही. माझी पाठ नव्वद वर्षांची आहे."

मुलगी बँकेत नोकरीला. ती म्हणाली, "अरे वा! मग एफडीला अर्धा टक्का जास्त मिळेल!"

लग्न ठरलं. वरातीत निखिल भर रस्त्यात आडवा होऊन नागीण डान्स करत होता. सरांनाही बोलावणं होतं. ते हातात आईस्क्रीमचा कप घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "ह्याचा एमआरआय आत्ता बघितला असता ना, तर मी ह्याला उठून बसू दिलं नसतं."

या किश्श्यात सगळं निभावलं, कारण वेळेवर कुणीतरी हसलं. सगळ्यांच्या वाट्याला अशी मुलगी येत नाही.

* * *

आता माझ्यावर येते.

नलूताई डोंबिवलीच्या शेजारी, कोपरला राहतात. साठी उलटलेली, पण मंगळागौरीचा ग्रुप चालवतात. श्रावणात ठाणे, कल्याण, डोंबिवली असा त्यांचा नुसता धुमाकूळ. नऊवारी नेसून, नथ घालून फुगडीला उभ्या राहिल्या की समोरची विशीतली मुलगी आधी दमायची. घरी मुलगा, सून आणि पावणेपाच वर्षांची नात, इरा. शाळेच्या व्हॅनमधून उतरलेल्या इराला कडेवर घेऊन दोन मजले चढणं हा नलूताईंचा रोजचा कार्यक्रम. इराला चालता येतं हे सोसायटीत बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं!

या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे जी झीज दिसायची तेवढी दिसत होती, बाकी काही नाही. मी व्यायाम सांगितले. त्या म्हणाल्या, "व्यायाम कशाला गं? मी तर नाचते. मला आधी सांग, नक्की झालंय काय?"

बाहेर गर्दी होती. यांनी व्यायाम मनावर घ्यावा म्हणून जरा भीती घालावी असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, चहाची वेळ जवळ आलेली होती आणि दिवसभरात एकही दाखला सुचला नव्हता.

मी म्हटलं, "नलूताई, चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट बघितलंय ना? वरून अख्खं दिसतं. उचलायला गेलं की मधेच पडतं. तसं झालंय तुमच्या मणक्यांचं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कळलं."

एका वाक्यात कळलं! मी खूश. चहाला सांगितलं तर सर म्हणाले, "वा! हे ग्रीसच्या वरचं आहे!" वडापाव मला मिळाला. दोन खाल्ले मी.

नलूताईंचं दुखणं थोड्याच दिवसांत गेलं. त्याही आल्या नाहीत, मीही विसरले.

* * *

श्रावणात ठाण्याला माझ्या मावसबहिणीच्या सुनेची मंगळागौर होती. हॉलमध्ये गेले तर खेळायला नेमका नलूताईंचा ग्रुप. मला आनंद झाला. मी पुढे जाऊन बसले.

बायका रिंगणात आल्या. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, पिंगा झाला. नलूताई बाजूला खुर्चीत बसलेल्या, हातात माईक, पाठ भिंतीसारखी ताठ. गाणं सांगत होत्या आणि बसल्या जागी टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, गुडघा वगैरे दुखावला असेल.

तेवढ्यात त्यांना मी दिसले. त्यांनी खेळ थांबवला!

"थांबा गं! ह्या बघा, ह्या आमच्या डॉक्टर मुग्धाताई. ह्यांच्यामुळे मी वाचले! ह्यांनी वेळेवर सांगितलं म्हणून, नाहीतर एका फुगडीत माझे तुकडे झाले असते. टाळ्या वाजवा ह्यांच्यासाठी!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. माझ्या मावसबहिणीने अभिमानाने माझ्या पाठीवर थोपटलं. मी उठून नमस्कारसुद्धा केला. काय करणार होते?

जेवणाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "नलूताई, दुखतं का अजून?"

"छे गं! एकदाही नाही. वाकतच नाही ना मी. खाली पडलेला रुमालसुद्धा उचलत नाही."

"आणि इरा?"

"तिला चालायला शिकवलं," त्या हसत म्हणाल्या, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुझं ते बिस्किटाचं. इरालासुद्धा. शहाणी आहे हो पोर, अंगावर येत नाही. लांबूनच टाटा करते."

माझ्या ताटात पुरणपोळी होती, ती तशीच राहिली. मी तिथेच, पंगतीत, त्यांना सांगून टाकलं. "नलूताई, ते खरं नव्हतं. तुमची हाडं चांगली आहेत. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते."

मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"असं कसं गं?" त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "मला रोज जाणवतं ना. सकाळी उठताना आत अगदी भुसभुशीत लागतं."

* * *

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये मी जाहीर केलं: आजपासून दाखले बंद. वडापाव बंद. जे आहे ते सरळ शब्दांत सांगायचं.

वैशालीला अंपायर केलं. रिसेप्शनवरची घंटा तिच्या हाताशी होतीच. कुणीही दाखला दिला की तिने घंटा वाजवायची.

पहिला पेशंट आत गेला. प्रसादने विचारलं, "काय होतंय?"

"पायाला मुंग्या येतात."

टिंग!

"अगं, पेशंटला काय घंटा वाजवतेस!"

"मुंग्या कुठायत? दाखवा!" वैशाली बाहेरून म्हणाली.

पुढचा म्हणाला, पोटरीत गोळा येतो. टिंग! त्याच्या पुढची म्हणाली, मानेत कुणीतरी खिळा ठोकतंय. टिंग! एका आजींच्या पाठीतून वीज जात होती. टिंग! शेवटी प्रसाद एका काकांना म्हणाला, "बरं, गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवा," आणि स्वतःच थांबला. दाराकडे बघून हळूच विचारलं, "वैशाली, वाटी चालेल?"

बाहेर केसपेपर चाळल्याचा आवाज आला. मग टिंग.

दुपारपर्यंत आम्ही तिघंही मुके झालो होतो. दुखणं दाखवता येत नाही. ते सांगायचं म्हणजे कुणाला तरी खिळा लागतो, कुणाला मुंग्या लागतात. आमच्याही पोतडीत दुसरं काही नव्हतं. घंटा मीच उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मग वर सरांकडे गेले. म्हटलं, "सर, निदान ते ग्रीस तरी बंद करा."

"मग काय सांगू? ऑस्टिओआर्थ्रायटिस? पेशंट खाली केमिस्टकडे पोचेपर्यंत विसरतो. ग्रीस म्हटलं की जन्मभर लक्षात राहतं!"

"तोच तर प्रॉब्लेम आहे, सर."

सर चष्मा काढून पुसत बसले. नंतर म्हणाले, "तुझ्या त्या बिस्किटवाल्या बाईंना काही फी घेऊ नकोस." जसं काही मी घेणारच होते!

* * *

नलूताईंना मी परत बोलावलं. आधी वाटलं, दाखल्याला दाखला देऊ. मी म्हटलं, पाठ म्हणजे बांबू असतो, वाकतो पण मोडत नाही. पटल्यासारखी त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, दोरखंड असतो. त्यांनी मान हलवली. प्रसादने पोलादी स्प्रिंग आणली. तिलाही मान हलवली, आणि जाताना खाली पडलेली चप्पल पायाच्या अंगठ्याने सरळ केली, वाकल्या नाहीत.

मग बोलणं सोडलं. नुसतं करून घ्यायला लागले. आधी टेबल धरून वाकायचं, मग न धरता. मग रिकामी बादली उचलायची, मग अर्धी भरलेली. माझा हात त्यांच्या कमरेवर असेपर्यंत त्या सगळं करायच्या. हात काढला की थांबायच्या. कितीतरी वेळा मला वाटलं, आता ह्या रडणार, आणि कितीतरी वेळा मीच पडद्यामागे जाऊन डोळे पुसून आले. ते एक वाक्य बोलायला मला क्षणही लागला नव्हता.

नवरात्रात एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, "काल तांदळाची पिशवी उचलली. कुणाला सांगितलं नाही आधी. काही झालं नाही गं."

"मग इराला कधी?"

त्या म्हणाल्या, "तू घरी ये. तू असलीस की करीन."

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी कोपरला त्यांच्या घरी गेले. मुलगा दारातच उभा, त्याचा चेहरा एखाद्याला ऑपरेशनला नेताना होतो तसा झालेला. सुनेने चहा आणला. टीपॉयवर तीन कप ठेवले, एक नलूताईंपुढे, एक माझ्यापुढे, एक स्वतःला. चहाला कुणी हात लावला नाही.

इरा सोफ्याच्या टोकाला उभी होती. लाल फ्रॉक, दोन बो. माझ्याकडे संशयाने बघत होती. ते बिस्किटाचं बोलणारी बाई मीच, हे तिला कुणी सांगितलं असेल का, असं मनात येऊन मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

नलूताईंनी पदर खोचला. पाय थोडे फाकवले, मी शिकवलं होतं तसे गुडघे वाकवले आणि दोन्ही हात पुढे केले. मी त्यांच्या कमरेला हात लावला नाही.

"ये गं इरा. आजी उचलते तुला."

इरा हलली नाही.

"ये ना गं सोन्या. आजीला काही होत नाही."

इराने आजीकडे बघितलं. मग टीपॉयकडे बघितलं. मग पुढे आली, आजीपुढचा चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला आणि एक एक पाऊल टाकत, कपावरची नजर न हलवता, स्वयंपाकघरात घेऊन गेली. आतून ओट्यावर कप ठेवल्याचा आवाज आला. ती परत आली. माझा कप नेला. परत आली. आईचा कप नेला. टीपॉयवर चहाचा एक ओला गोल उमटला होता, तो तिने फ्रॉकच्या टोकाने पुसून काढला.

नलूताई तशाच वाकून, हात पसरून उभ्या होत्या.

मग इरा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"हं, आता घे."